पाय गेला, नवरा सोडला

आईची ओळख करून देताना लोक दोन गोष्टी एका दमात सांगतात. ‘लहानपणी पाय गेला हो, आणि पुढे संसारही टिकला नाही.’ मग एक उसासा. म्हणजे आधी एक दुर्दैव आणि त्यावर दुसरं. हे जोडकाम आईला कधी मान्य नव्हतं, मलाही नाही. पाय गेला तेव्हा ती सात वर्षांची होती, तिला कुणी काही विचारलं नव्हतं. घटस्फोटाचा अर्ज मात्र तिने स्वतः केला आणि प्रत्येक तारखेला स्वतः हजर राहिली. पहिली गोष्ट तिच्यावर कोसळली, दुसरी तिने ठरवली. दोन्ही एकाच यादीत घातल्या की तिने आयुष्यात केलेलं सगळ्यांत अवघड काम नशिबाच्या खात्यावर जातं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

अपघाताबद्दल ती फार सांगत नाही. लपवायचं म्हणून नव्हे, तिला तो तुकड्यातुकड्यानेच आठवतो. रस्ता, मोठी गाडी, कुणाच्या तरी खांद्यावर टेकलेलं डोकं. डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. तिला लख्ख आठवतं ते नंतरचं, आणि त्या नंतरच्याची बाहेरच्या माणसाला सहसा कल्पना नसते. लोकांना वाटतं, पाय काढला, जखम भरली, कृत्रिम पाय बसवला, संपलं. मोठ्या माणसाच्या बाबतीतही ते इतकं सरळ नसतं, आणि मूल तर वाढत असतं. मधूनच कापलेलं हाड वाढत्या वयात टोकाशी पुन्हा वाढायला लागतं. टोक अणकुचीदार होतं, आतून कातडीला टोचतं, वेळीच लक्ष दिलं नाही तर कातडी फाडून बाहेरही येतं. दंडाच्या हाडात आणि गुडघ्याखालच्या दोन हाडांत हे जास्त दिसतं. सांध्यातून पाय काढला तर हा त्रास होत नाही, म्हणून मुलांच्या बाबतीत शल्यविशारद जमेल तिथे सांधा निवडतात. आईच्या बाबतीत सांध्याचा विचार करायचा तर गुडघाच गमवावा लागला असता. तो वाचवला, हे तिच्यावर झालेले मोठे उपकार आहेत असं ती आजही मानते. पण त्याची किंमत म्हणून हाडाचं टोक कमी करायला तिला वाढत्या वयात पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावं लागलं. एकदा भरलेली जखम पुन्हा उघडायची, पुन्हा टाके, पुन्हा कुबड्या. ‘पहिल्या वेळी मी रडले नाही,’ ती म्हणते, ‘दुसऱ्या वेळी रडले, कारण आता पुढे काय काय होणार ते माहीत होतं.’

गुडघा वाचणं किती मोलाचं असतं, हे मला खूप उशिरा, वाचून कळलं. मांडीचं हाड लांबीला वाढतं ते मुख्यतः गुडघ्याजवळच्या टोकाकडून, जवळजवळ ७० टक्के. लहान मुलाचा पाय गुडघ्याच्या वरून गेला तर वाढीची ती जागाही जाते आणि मोठेपणी उरलेला भाग आखूड राहतो. चालायला लागणारी ताकद हा तर वेगळाच विषय. गुडघ्याखालून पाय गेलेल्या माणसालाही तेवढंच अंतर कापायला जास्त शक्ती लागते, गुडघ्याच्या वरून गेलेला असेल तर आणखी पुष्कळ. आई संध्याकाळी थकलेली असायची ती मनाने नव्हे. दिवसभरात तिच्या शरीराने आमच्यापेक्षा जास्त काम केलेलं असायचं.

आणि मग तो नसलेला पाय. तिच्या डाव्या पायाचा अंगठा आखडायचा, तळव्याला खाज सुटायची, रात्री घोट्यात कळ यायची. घरात कुणाला खरं वाटायचं नाही. मुलगी लक्ष वेधून घेतेय, असंही कुणीतरी म्हणालं होतं. खरं तर ही गोष्ट वैद्यकाला फार जुनी माहीत आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सचा शल्यवैद्य आंब्रोआज पारे याने अशा वेदनेची नोंद केली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेलने १८७१ मध्ये तिला ‘फँटम लिंब’, म्हणजे आभासी अवयव, हे नाव दिलं. अवयव गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा लगेच पुसला जात नाही. १९९० च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी साध्या आरशाचा उपाय मांडला: शाबूत हात किंवा पाय आरशात असा दाखवायचा की तो गेलेल्या जागी असल्यासारखा दिसावा, आणि मग तो हलवायचा, सैल सोडायचा. काहींना त्याने आराम पडतो, काहींना नाही. आईला फारसा पडला नाही. तिला उपयोग झाला तो या गोष्टीला नाव आहे, हे कळल्याचा. तेव्हा ती चाळिशीला आली होती. तोवर हे दुखणं ती एकटीच बाळगून होती.

रोज सकाळी पलंगाच्या कडेला बसून ती आधी एक छोटा आरसा हातात घेते. उरलेल्या पायाची मागची बाजू, जिथे नजर पोचत नाही ती, आरशात बघते. लाल डाग असेल तर त्यावर बोट दाबून सोडते. डाग तेवढ्यापुरता पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. तसाच राहिला, बराच वेळ गेला नाही, तर त्या दिवशी पाय घालायचा नाही, कुबड्यांवर राहायचं, मग बाहेर कितीही महत्त्वाचं काम असो. डाग नसेल तर कोरड्या फडक्याने कातडी टिपायची, मोजा चढवायचा, त्यावरची एकही सुरकुती शिल्लक ठेवायची नाही, कारण सकाळची बारीकशी सुरकुती संध्याकाळपर्यंत फोड होते. मग सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या पोकळ भागात, उरलेला पाय घालून उभं राहायचं, भार टाकायचा, काढायचा, पुन्हा टाकायचा. गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड स्नायुबंधावर भार नीट आला की ती मान हलवते. दिवसभरात उरलेला पाय थोडा आकसतो आणि सकाळी घट्ट बसलेला सॉकेट दुपारी सैल होतो. म्हणून तिच्या पिशवीत कायम एक जादाचा मोजा असतो. ऑफिसात दुपारी दार लावून तो चढवायला तिला फार वेळ लागायचा नाही. तेवढ्यात कुणी दार वाजवलं तर ती शांतपणे ‘थांबा’ म्हणायची.

मी तिच्या जिद्दीबद्दल खूप ऐकलं आहे, सत्कारांच्या भाषणांतही ऐकलं आहे. त्या भाषणांत हा आरसा कधी येत नाही. तिचा खंबीरपणा मला जिथे दिसला ते हे ठिकाण. आज पाय घालायचा नाही, हे स्वतःला सांगता येणं. हट्टाने घालून गेली असती तर लोकांनी जास्त कौतुक केलं असतं आणि पुढचे दोन आठवडे ती अंथरुणात असती.

हे तिला शिकवलं तिच्या मावशीने. आजी मुलीकडे बघितलं की रडायची, आजोबा बोलायचे नाहीत. मावशीला मूलबाळ नव्हतं आणि तिच्या बोलण्यात फारशी मायाही नव्हती. पण ती रोज यायची, जखम बघायची आणि जाताना एखादं काम सांगून जायची. कपाटाचा वरचा कप्पा लाव. हे पुस्तक अमक्याकडे नेऊन दे. कसं जायचं ते सांगायची नाही. आई पडली तर उचलायला धावायची नाही, पण आई उठेपर्यंत तिथून हलायचीही नाही. हवाई बेटांतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं पाठपुरावा केला होता. गरिबी, आजारपण, मोडलेली घरं अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकीही साधारण तिसरा हिस्सा चांगला उभा राहिला. त्या मुलांच्या आयुष्यात बहुतेक वेळा निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं, आईबापच असायला हवेत असं नाही. हे वाचलं तेव्हा मला मावशीआजी दिसली.

लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी वडिलांना मोठ्या मनाचा माणूस म्हटलं. बिघडायला सुरुवात तिथूनच झाली असं मला वाटतं. ज्या लग्नात एकाने उपकार केलेत असं दोन्ही घरं मानतात, तिथे दुसऱ्याला साधं भांडताही येत नाही. ‘तुझ्यासारखीशी दुसऱ्या कुणी लग्न केलं असतं का?’ हे वाक्य प्रत्येक मतभेदाच्या शेवटी येऊन बसायचं आणि बोलणं तिथेच संपायचं. वडील रोज वाईट वागायचे असं नाही. ते मला शाळेत सोडायचे, आजारपणात जागायचे. मी त्यांना अजून भेटते आणि त्यांची बाजू त्यांनीच सांगावी हे बरं.

माझ्या वेळी आईला दिवस गेले तेव्हा सातव्या महिन्यात पाय बसेनासा झाला. वजन वाढलं, सूज आली, सॉकेटमध्ये पाय जाईना, तोलही बदलला. नवा सॉकेट करून उपयोग नव्हता, काही आठवड्यांत तोही बसला नसता. ती पुन्हा कुबड्यांवर आली. आणि मी झाल्यावर खरा प्रश्न आला तो रात्रीचा. दोन कुबड्या घेतल्या की दोन्ही हात अडकले. मग बाळ धरायचं कशात? मध्यरात्री रडणाऱ्या पोरीसाठी मोजे चढवून, सॉकेट बसवून उभं राहीपर्यंत पोर निळी पडायची. आईने पलंग काढून टाकला आणि गादी जमिनीवर घेतली. मला कापडाने छातीशी बांधायची आणि बसल्या बसल्या, हातांवर भार देत सरकायची. दूध, दुपटी, पाणी, सगळं घरभर हात पोचेल अशा खालच्या उंचीवर आलं. घरात येणारे म्हणायचे, केवढा हा पसारा. आज अपंग पालकांसाठी घर कसं लावावं याची मार्गदर्शनं वाचली की त्यांतल्या कितीतरी गोष्टी तिने तेव्हा कुणी न सांगता केलेल्या आढळतात. झोपेतून उठताना नसलेल्या पायावर भार टाकून पडण्याची भीतीही त्याने गेली. अर्धवट झोपेत पाय आहे असं वाटतंच. पाय गमावलेली माणसं रात्री अशीच पडतात.

ज्या दिवसाने सगळं ठरलं तो मला अंधुक आठवतो, मी पाचेक वर्षांची असेन. भांडण झालं होतं, कशावरून ते दोघांनाही आता सांगता येणार नाही. वडिलांनी आईचा काढून ठेवलेला पाय उचलून माळ्यावर टाकला, कुबड्या बाहेर नेऊन ठेवल्या, आणि ते निघून गेले. हात उगारला नाही, शिवी दिली नाही. बाहेर कुणाला सांगितलं असतं तर ‘रागाच्या भरात होतं असं’ एवढंच ऐकायला मिळालं असतं. अपंग स्त्रियांवरच्या हिंसेचा अभ्यास करणारे कुबडी, खुर्ची, औषध, श्रवणयंत्र काढून घेण्याची नोंद स्वतंत्रपणे करतात, कारण मारहाणीत ती मोजली जात नाही आणि घरातलं माणूस मात्र त्याने जागेवर बंद होतं. आईला तेव्हा हे अभ्यास माहीत नव्हते. तिने मला कपाटातली चादर आणायला सांगितली, ती खिडकीला बांधून फडकवली, आणि समोरच्या बाई आल्या तेव्हा त्यांच्याकडून स्टूल मागून घेतलं. त्या बाई पाय काढून द्यायला तयार होत्या. आईने त्यांना माळ्याकडे बघूही दिलं नाही. तिने स्टूल ओढलं, गुडघा टेकवला, कपाटाच्या कडेला धरून वर झाली आणि पाय स्वतः खाली काढला. मग तो घालून मला घेऊन मावशीआजीकडे गेली.

‘त्या दिवशी राग आला होता का?’ मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, ‘राग होता, पण त्यापेक्षा हायसं वाटलं. इतकी वर्षं मी देणं लागते असं वाटायचं. त्या दिवशी कळलं, काही लागत नाही.’

कोर्टात प्रश्न आला तो माझ्या ताब्याचा. एक पाय नसलेली बाई मूल कसं सांभाळणार? हा प्रश्न जगभर विचारला जातो आणि कितीतरी आयांनी त्यापायी मुलं गमावली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला. मूल अपंग आहे किंवा आईवडिलांपैकी कुणी, अथवा दोघंही अपंग आहेत, या कारणावरून मूल त्यांच्यापासून तोडता येणार नाही, असं त्याच्या २३ व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती मला तितकीच मोठी वाटते: मूल वाढवण्याच्या कामात अपंग पालकांना योग्य ती मदत देणं ही राज्याची जबाबदारी आहे. म्हणजे मदत लागते हा त्यांच्याविरुद्धचा पुरावा धरायचा नाही. आईची केस याच्या कितीतरी आधीची. तिच्या हातात असलं काही कलम नव्हतं.

समोरच्या वकिलांनी विचारलं, मुलगी रस्त्यावर धावली तर तुम्ही काय करणार? आईने सांगितलं, ‘मला तिच्यामागे धावता येत नाही हे मला ती जन्मायच्या आधीपासून माहीत आहे. म्हणून हाक मारली की जागच्या जागी थांबायचं, हे मी तिला चालता येऊ लागल्यापासून शिकवलंय.’ न्यायाधीशांनी विचारलं, म्हणजे? आईने मला हाक मारली. मी बाकड्यांच्या मधून कुठेतरी निघाले होते, थांबले. हे मला आठवत नाही, मावशीआजीने सांगितलं. पण ती हाक मला माहीत आहे. आवाज चढवलेला नाही, नावाचं शेवटचं अक्षर तोडलेलं. आजही गर्दीत ती ऐकू आली की माझे पाय आधी थांबतात आणि मग मी मागे बघते. ताबा आईकडे आला, वडिलांना भेटीचे दिवस मिळाले.

पुढची वर्षं कष्टाची होती, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही. नोकरी, शाळा, दर काही वर्षांनी नवा पाय. या सगळ्यांत तिने मदत घेतली, भरपूर घेतली आणि ठरवून घेतली. तिला लागायचे ते ठरावीक कामाला येणारे लोक: अमक्याने पावसाळ्यात मला शाळेतून आणायचं, तमक्याने वर चढवायचं सामान वर ठेवायचं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला ती तिथल्या तिथे काहीतरी सांगायची. दोनदा केलं की तो माणूस कायमचा तिच्या यादीत. बदल्यात ती लोकांचे अर्ज लिहून द्यायची, हिशेब तपासायची. कुणाचं देणं अंगावर ठेवायचं नाही, हे मात्र लग्नाने शिकवलं होतं.

आता ती साठीच्या पुढे आहे आणि त्रास सुरू झालाय तो उजव्या पायाचा, शाबूत पायाचा. एक पाय गेलेल्या माणसांत दुसऱ्या पायाचा गुडघा झिजण्याचं प्रमाण जास्त असतं, कारण वर्षानुवर्षं नकळत त्यालाच जास्त भार दिलेला असतो. डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावर आईने लांबच्या अंतरासाठी व्हीलचेअर घेतली. या वेळी नातेवाईक खरंच हळहळले. इतकी वर्षं लढली आणि शेवटी खुर्चीत बसली, असं एकजण माझ्यासमोर म्हणाला. मला ही हळहळ आतून दुखते, कारण तिच्यात तोच जुना हिशेब आहे: चालणं म्हणजे जिंकणं, बसणं म्हणजे हरणं. आईने मात्र खुर्ची आल्याच्या आठवड्यात एक मोठं प्रदर्शन सगळं, एकही दालन न सोडता पाहिलं. यापूर्वी ती पहिल्या दोन दालनांनंतर बाकावर बसून आमची वाट बघायची.

ज्या केंद्रात तिचा पाय तयार होतो तिथे नव्याने पाय गमावलेल्या मुलांचे आईवडील येतात आणि तिथले लोक आईला त्यांच्याशी बोलायला बोलावतात. मी कधी कधी सोबत जाते. तिथे ती प्रेरणा वगैरे काही देत नाही. ती विचारते, आरसा घेतलात का? मोजे किती आहेत? रात्री मुलाजवळ कोण झोपतं, आणि तुमच्याजवळ? नसलेला पाय दुखतो असं मूल म्हणालं तर ते खरं माना, हे ती प्रत्येकाला सांगते. मूल घरात पाय काढून बसलं तर बसू द्या, पाहुणे आले म्हणून घालायला लावू नका, हेही.

मागे एक बाई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी बाहेर गेल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं, ‘हिचं लग्न होईल ना?’ मी श्वास रोखला. आई म्हणाली, ‘होईल. तिला वाटलं तर ती मोडेलही. तुम्ही तिला हिशेब शिकवा आणि तिच्या नावाचं खातं उघडा.’ बाई आधी गोंधळल्या, मग बराच वेळ रडल्या, मग खातं कुठे उघडायचं ते विचारायला लागल्या. त्यांच्या मुलीच्याही हाडाचं टोक वाढलंय, पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे. आई त्या दिवशी दवाखान्यात त्यांच्याबरोबर थांबणार आहे. खुर्ची घेऊन जाऊ म्हणाली, तिथले व्हरांडे फार लांब आहेत.